आमच्या घरात पत्ताकोबी येत नव्हती

आमच्या घरात एक जुना नियम आहे. बाबांना जे काही सांगायचं ते माझ्या तोंडून सांगायचं. हा नियम कोणी केला नाही, तो आपोआप झाला. बाबांची नोकरीची सगळी वर्षं जबलपूरच्या रिछाई भागातल्या एका कारखान्यात, पत्रा कापणाऱ्या प्रेसवर गेली. कानात कापसाचे बोळे घालायचे ते फक्त साहेब फेरीवर आले की. त्यामुळे बाबा रिटायर व्हायच्या आधी त्यांचे कान रिटायर झाले. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. कुकरची शिट्टी, दाराची बेल, चिमण्या आणि माझी आई, यातलं काहीच त्यांना ऐकू येत नाही.

आईचा आवाज मुळात बारीक, आणि चिडली की तो आणखी बारीक होतो. म्हणजे बाबांनी ऐकणं जेव्हा सगळ्यात गरजेचं असतं, नेमकं तेव्हाच त्यांना काही कळत नाही. याचं त्यांना कितपत दुःख आहे हे मी कधी विचारलेलं नाही. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते घातलं की डोक्यात भांडी पडतात म्हणून त्यांनी ते दाढीच्या सामानाच्या डब्यात ठेवून दिलं. ते अजून तिथेच आहे.

माझा आवाज मात्र जाड आहे. लहानपणी मी फोन उचलला की पलीकडचा माणूस 'हाँ भैया' म्हणायचा. त्या आवाजापायी मी पुष्कळ चिडवणं सोसलं आहे. पण बाबांना तो ऐकू येतो. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, त्यांची पाठ माझ्याकडे असली तरी, ओठ न बघता ऐकू येतो. म्हणून आई मला सांगते आणि मी बाबांना सांगते. आईचं मराठी पुन्हा मराठीतच, फक्त जाड करून. बाबांचं उत्तर आईला थेट ऐकू जातंच, तरी तेही मलाच सांगतात, "आईले सांग." आई शेजारी बसलेली असली तरी. सवय, दुसरं काय.

विहारात पौर्णिमेला वंदना मी घेते तेव्हा बाबा भिंतीला टेकून मागेच बसतात. बाकीच्यांना पुढे बसू द्यावं म्हणतात, आपल्याला कुठूनही ऐकू येतं. गावभर बहिरा म्हणून ओळखला जाणारा माणूस हे असं बोलतो, आणि कोणी हसत नाही.

आता गाठीचं सांगते. माझ्या गळ्यावर, हनुवटीच्या खाली बरोबर मधोमध, एक गाठ होती. मी चार-पाच वर्षांची असताना ती पहिल्यांदा दिसली, बोराएवढी. दुखत नव्हती. घोट घेतला की वर जायची आणि परत खाली यायची. वर्गातल्या पोरी मला पाणी प्यायला लावून ती बघत बसायच्या. पुढे ती लिंबाएवढी झाली, मध्येच लहान झाली, पुन्हा वाढली. शहपुऱ्याला माझी आत्या राहते. तिच्याकडे सुट्टीत गेले असताना तिथल्या एका डॉक्टरांनी सुईने त्यातलं पाणी काढलं होतं. गळा सपाट झाला, आत्याने आरशासमोर उभं केलं, मी भारी खूश. डॉक्टर म्हणाले होते की पुन्हा भरेल, आणि पावसाळा संपायच्या आत ती भरली.

मोठी झाल्यावर जबलपूरच्या उन्हाने माझी लाज राखली. इथे स्कूटीवर बसणारी प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून घेते, त्यात माझा गळा कोण बघतो? शाळेत मात्र मी स्कार्फ सोडूनच शिकवते. मी गणित शिकवते, आणि गणिताच्या तासाला पोरांना बाईंच्या गळ्यापेक्षा मोठी संकटं असतात. बघायला आलेली दोन-तीन स्थळं गळ्याकडे बघून परत गेली. गेली ते बरंच झालं. ज्याला लिंबाएवढी गाठ पेलत नाही त्याला मी काय पेलणार होते.

घरात सगळे त्या गाठीला घेंघा, म्हणजे गलगंड, म्हणायचे. बाबांच्या कारखान्यातल्या कोणीतरी ते नाव दिलं, मोहल्ल्याने मान्य केलं, आणि मग कोणी तपासायला गेलं नाही. जुनी गोष्ट झाली की तिची भीती राहत नाही. आपल्या घराचं दार घासत उघडतं, तसं माझ्या गळ्यावर घेंघा आहे, एवढंच.

यंदा दिवाळीनंतर मला सर्दी झाली आणि सर्दीपाठोपाठ ती गाठ लाल होऊन सुजली. घोट उतरेना, ताप उतरेना. आई सारखी हळदीचा लेप लावून राहिली आणि बाबा सारखे घड्याळ बघून राहिले. शेवटी त्यांनीच रिक्षा बोलावली आणि आम्ही तिघं एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, कान-नाक-घशाच्या ओपीडीत.

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या निघाल्या. टेबलावर अर्धा उघडा डबा, त्यात पराठा, आणि दारात ही रांग. त्यांनी माझ्या गळ्याला हात लावला, गाठ दोन बोटांत धरली आणि म्हणाल्या, "जीभ बाहर निकालिए. पूरी."

मी थोडी काढली.

"टीचर हैं न आप? बच्चे कैसे निकालते हैं, वैसे."

मग मी काढली, मुळापासून. जीभ बाहेर आली तशी गाठ वर सरकली. मॅडमनी शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली, ते सगळे गोल करून उभे राहिले, आणि मी एका मागून एकाला जीभ काढून दाखवली. पोरांना ज्या गोष्टीसाठी मी बाकावर उभं करते ती गोष्ट इतक्या शिकलेल्या लोकांसमोर करताना मला, खरं सांगते, बरं वाटलं.

"घेंघा-वेंघा कुछ नहीं है," मॅडम म्हणाल्या. "ये जन्म से है."

मग पराठ्याचा एक घास खाऊन त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. बाळ पोटात असताना थायरॉईडची ग्रंथी आधी जिभेच्या मुळाशी तयार होते. तिथून ती हळूहळू खाली गळ्यात आपल्या जागेवर येते. ज्या वाटेने ती येते ती वाट नंतर बुजून जाते. माझी पूर्ण बुजली नव्हती. राहिलेल्या त्या तुकड्यात पाणी साठत गेलं, त्याची ही पिशवी झाली. तिला थायरोग्लॉसल सिस्ट म्हणतात. जिभेशी अजून नातं आहे म्हणून जीभ काढली की ती वर जाते. आधी औषधाने सूज उतरवायची, मग सोनोग्राफीत खरी ग्रंथी आपल्या जागी आहे ना ते बघायचं, आणि मग ऑपरेशन करून ती काढायची.

आईला वाटलं आता आपणही काहीतरी सांगायला हवं. इतकी वर्षं आपण हात बांधून बसलो नव्हतो हे मॅडमना कळायला पाहिजे. ती म्हणाली, "मॅडम, हमने परहेज पूरा किया है. पत्तागोभी तो घर में कभी आने ही नहीं दी."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. "पत्तागोभी क्यों?"

"घेंघे में मना है न."

"माताजी, इसका गोभी से कोई लेना-देना नहीं," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाबा माझ्या शेजारी बसून मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

मी आईला बाहेर बाकावर बसवलं आणि विचारलं, "पत्ताकोबी तर बाबांना आवडत नाही ना?"

आई पदराशी चाळा करत बसली. बाबा औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभे होते, त्यांना ऐकू जाण्याची भीती नव्हती, तरी ती हळू बोलली. "त्याईले आवडत नाही? अगं, लग्न झालं तर मले पहिलं काय इचारलं माहीत हाय? पत्ताकोबी येते का करता. रिछाईच्या खोलीत एकटे राहत होते तेव्हा रोज तेच करून खायचे. मी माहेराहून आली तर चण्याची डाळ टाकून करायची, अख्खी कढई संपवायचे. मग तुझ्या गळ्याचं निघालं. कोणीतरी कारखान्यात सांगितलं, पोरीले गोभी देऊ नका, वाढते. दुसऱ्या दिवसापासून बंद."

"मला द्यायची नव्हती. तुम्ही का बंद केली?"

"तुह्या समोर आम्ही खायची आन तुले नाही म्हनायचं? लेकरू हाय, हट्ट करन. तर ते म्हणे, सांग तिले, मलेच आवडत नाही."

मी काही बोलले नाही.

मला आठवत होतं. हिवाळ्यात ठेल्यावर पत्ताकोबीचे ढीग लागायचे आणि भाजीवाला म्हणायचा, "ले जाओ बाबूजी, ताज़ी है." बाबा हात हलवून पुढे जायचे. मी लहानपणी मैत्रिणींना सांगायचे, आमच्या बाबांना पत्ताकोबीचा वासही चालत नाही. आणि गंमत बघा, शाळेच्या गेटबाहेर चाऊमीनचा ठेला असतो. त्या चाऊमीनमध्ये शेवया कमी आणि पत्ताकोबी जास्त असते. आधी विद्यार्थिनी म्हणून आणि मग बाई म्हणून, मी ती आयुष्यभर खात आले आहे. घरात एक माणूस माझ्या गळ्यासाठी आपली आवडती भाजी सोडून बसला होता, आणि मी त्याच गळ्याखाली तीच भाजी वर लाल चटणी टाकून उतरवत होते. तिने गाठ ना वाढली, ना कमी झाली.

मला त्या बाकावर फार रडू आलं. आईने पाठीवर हात फिरवला. तिला वाटलं मला ऑपरेशनची भीती वाटून राहिली.

भीती वाटत होतीच, पण ती वेगळी होती. ऑपरेशन ठरल्याची बातमी मोहल्ल्यात फिरली, तशा बाया भेटायला आल्या. एकीने माझा हात हातात घेऊन सांगितलं, "चिंता मत करो, गाँठ निकल जाएगी तो आवाज भी मीठी हो जाएगी." दुसरीने तिला दुजोरा दिला. विहारातल्या मावशी म्हणाल्या, गाठीमुळेच आवाज दबून राहिला होता, आता कसा घंटीसारखा होतो पाहा. सगळ्यांनी मनापासून आशीर्वाद दिले आणि प्रत्येक आशीर्वादाबरोबर माझी भीती वाढत गेली. आवाज गोड झाला म्हणजे बारीक झाला. बारीक झाला म्हणजे मी त्या रांगेत जाऊन बसले, कुकरच्या शिट्टीशेजारी.

मी रात्रंदिवस तेच धरून बसले. मला बाबांना काही सांगायचं असेल तर त्यांच्यासमोर उभं राहून ओठ हलवावे लागतील. आई आणि बाबा एका घरात दोन मुक्यांसारखे बसतील. विहारात ते मागे भिंतीला टेकतील आणि त्यांना भिंतीइतकंच ऐकू येईल. कोणाला सांगावं तर हसतील. लोक आवाज जाईल म्हणून घाबरतात, ही बाई तो चांगला होईल म्हणून घाबरून राहिली आहे.

सूज उतरली, सोनोग्राफी झाली, ग्रंथी आपल्या जागेवर निघाली. ऑपरेशनआधी मॅडमनी पुन्हा बोलावलं आणि विचारलं, काही शंका असेल तर विचारा. आई बाहेर होती. मी म्हटलं, "मॅडम, मेरी आवाज पतली तो नहीं हो जाएगी?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "भारी होने का डर लगता है लोगों को. पतली होने का क्यों?"

मग मी सगळं सांगितलं. प्रेस, कापसाचे बोळे, दाढीचा डबा, आईचा आवाज, सगळं. आज त्यांच्या टेबलावर डबा नव्हता, पण बाहेर रांग तेवढीच होती. तरी त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी तेच चित्र पुन्हा काढलं आणि जिभेखाली घोड्याच्या नालेसारखं एक लहान हाड दाखवलं. या हाडाचा मधला तुकडा गाठीबरोबर काढावा लागतो, नाहीतर ती परत येते. स्वरयंत्र त्याच्या खाली आहे. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "वहाँ मुझे जाना ही नहीं है. आवाज आपकी है, गाँठ की नहीं. बेहोशी की नली से गला कुछ दिन बैठेगा, फिर यही भारी आवाज वापस. पापाजी को बोल दीजिए."

पापाजींना मी काही बोलले नाही. त्यांना ही भीती सांगितली असती तर त्यांनी ऑपरेशनच नको म्हटलं असतं, आणि तेही पत्ताकोबीसारखं गुपचूप, आपल्यालाच आवडत नाही असं काहीतरी कारण काढून.

ऑपरेशनच्या सकाळी मी बाबांशी उगाच खूप बोलले. चप्पल कुठे ठेवली, पाणी घेतलं का, स्वेटर चढवा, गार आहे. ते प्रत्येकाला "हो" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "आज लई बोलून राहिली तू." स्ट्रेचरवर पडल्यावर मी म्हटलं, "येते बाबा." त्यांनी मान हलवली. हे त्यांनी ऐकलेलं शेवटचं वाक्य ठरलं तर निदान चांगलं आहे, असा विचार मी दिव्यांकडे बघत केला. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला माझा विषय विचारला, मी गणित म्हटलं, ते म्हणाले मग उलटे आकडे मोजा. पुढचं मला माहीत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि पट्टीतून एक बारीक नळी बाहेर काढलेली. दुखत होतं, पण मला वाटलं होतं तितकं नाही. बाबा स्टुलावर बसले होते. मी "बाबा" म्हटलं, आणि जो निघाला तो आवाज माझा नव्हता. उंदराचा म्हणा. बाबांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि विचारलं, "काय म्हणते? पाणी?"

मॅडम संध्याकाळी आल्या, पट्टी बघितली, सगळं छान निघालं म्हणाल्या, हाडाचा तुकडाही. काही दिवस कमी बोला, पातळ खा. मी त्या उंदराच्या आवाजात विचारलं, "आवाज?" त्यांनी माझ्या गालावर टिचकी मारली. "बोला था न." एवढंच बोलून त्या गेल्या, आणि मला पुढचे दिवस त्या दोन शब्दांवर काढायचे होते.

आता खरी अडचण घरच्या दळणवळणाची झाली. बाबांना कोणी सांगायचं? पहिल्या दिवशी आई त्यांच्याशी हातवारे करत राहिली. चहा म्हटलं की ते गोळ्या आणायचे आणि गोळ्या म्हटलं की नर्सला बोलवायचे. दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून पडले होते, आणि वॉर्डात एकदम एका माणसाचा आवाज आला, "अहो, जेवून घ्या." मी डोळे उघडले. बायकांच्या वॉर्डात हा कोण पुरुष? तर ती आई होती. हनुवटी छातीला टेकवून, पोटातून, जमेल तितका जाड आवाज काढून ती बाबांच्या कानाशी बोलत होती. "अहो, जेवून घ्या. डबा आनला."

"हो, घेतो नं," बाबा म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं.

शेजारच्या कॉटवरची बाई आमच्याकडे बघत राहिली. हसता येत नव्हतं, टाके ओढत होते, मी उशीत तोंड घातलं. आईने माझ्याकडे बघून डोळे वटारले आणि पुन्हा जाड आवाजात बाबांना सांगितलं, "पोरीकडे पाहू नका. ते हसून राहिली." पुढचे सगळे दिवस ती तसंच बोलली. संध्याकाळपर्यंत तिचाच घसा बसायचा, तिने गरम पाणी प्यायला घेतलं की मला आणि तिला एकाच थर्मासमधून मिळायचं. जिचा आवाज इतकी वर्षं नवऱ्यापर्यंत पोचला नाही त्या बाईने माझ्यासाठी आवाज उसना आणला. मी तिचे उपकार मानते असं म्हटलं तर ती चिडेल, म्हणून इथे लिहिते.

घरी आले तर भेटायला रीघ. मी हळू आवाजात "या" म्हटलं, तर गोड आवाजाचा आशीर्वाद देऊन गेलेल्या त्याच बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "देखा, कितनी मीठी हो गई." मला त्यांना दाराबाहेर काढावंसं वाटलं. पण त्या गाजराचा हलवा घेऊन आल्या होत्या, आणि मला नुकतंच नीट गिळता यायला लागलं होतं.

टाके निघाले. तपासणीचा रिपोर्ट आला, काही वाईट नव्हतं. मॅडमनी गळ्यावरची बारीक रेघ बघितली आणि काही महिने ऊन लागू देऊ नका म्हणाल्या. म्हणजे स्कार्फ बांधायचाच. एवढं करून मी पुन्हा स्कार्फमध्येच जाणार होते, पण या वेळी मला त्याचं हसू आलं.

आवाज मात्र अर्धवटच आला होता. खरखर करायचा, मध्येच फाटायचा. मी बाबांशी बोलायचं टाळत होते. बोलले आणि त्यांनी "काय?" म्हटलं तर? ते "काय" ऐकायची माझी हिंमत नव्हती. त्यापेक्षा अजून आराम करते आहे म्हणून गप्प बसणं सोपं होतं. बाबाही काही विचारत नव्हते. संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे, थोडा वेळ थांबायचे आणि जायचे. ते कशाची वाट बघत होते ते मला कळत होतं.

एका रविवारी शहपुऱ्याहून आत्याने मटाराचं पोतं पाठवलं. दरवर्षी पाठवते, आणि मग घरातल्या सगळ्यांनी गच्चीवर उन्हात बसून शेंगा सोलायच्या असा रिवाज आहे. बाबा कठड्याकडे तोंड करून बसले होते, पुढ्यात परात. एक शेंग परातीत आणि एक तोंडात असा त्यांचा हिशोब असतो. मी त्यांच्या मागे चटईवर, भिंतीला टेकून. स्कार्फ होता, ऊन होतं.

आई बाजारातून आली आणि तिने पिशवी बाबांच्या शेजारी उपडी केली. टोमॅटो निघाले, आलं निघालं, आणि शेवटी एक पत्ताकोबी घरंगळत परातीला येऊन लागली. हिरवीगार, वरची पानं अजून ओली.

बाबांनी सोलणं थांबवलं. "हे काहून आनलं?"

आईने हनुवटी छातीला लावली. "डॉक्टरीन म्हणे, पत्ताकोबीचा काही संबंध नाही. कधीच नव्हता."

बाबांनी ते ऐकलं. पत्ताकोबी उचलली, हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. मला वाटलं आता म्हणतील, म्हणजे इतकी वर्षं फुकट गेली. ते म्हणाले, "नसन संबंध. पन आताच नको. तिचा गळा अजून कच्चा हाय. हा हिवाळा जाऊ दे." आणि त्यांनी ती पत्ताकोबी परत आईच्या पिशवीत ठेवून दिली आणि शेंग उचलली.

आई माझ्याकडे बघायला लागली. तिच्या घशात आता जाड आवाज उरला नव्हता, आणि बाबांचं एकदा ठरलं की ते कसे बसतात हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती, स्वेटरची मागची शिवण उसवलेली दिसत होती. मी आवंढा गिळला. गळ्यात काही वर गेलं नाही, काही खाली आलं नाही. मग मी बोलले. ओरडले नाही, आपण घरात बोलतो तसं.

"बाबा, मी खाते पत्ताकोबी. आजच होऊ द्या."

आवाज पहिल्या शब्दावर खरखरला आणि पुढे सरळ गेला.

बाबांनी मान वळवली नाही. हातातली शेंग मोडली, दाणे परातीत टाकले. मग पिशवीत हात घालून पत्ताकोबी पुन्हा बाहेर काढली आणि मांडीवर घेतली. एका हाताने चष्मा वर करून त्यांनी डोळे पुसले, चष्मा नीट केला.

"बरं," ते म्हणाले. "आईले सांग, डाळ नको टाकू. मटार टाक."

आई त्यांच्या खांद्याशी उभी होती. मी तिला सांगितलं.